भाडं परवडतंय, राहणं परवडेल का? (ठाणे / नवी मुंबई / पुणे / नाशिक, अनुभव सांगा प्लीज)

उंबरठा | ९ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, आता गळ्याशी आलं म्हणून धागा काढतेय. आधी कुणी असाच काढला असेल तर लिंक द्या, तिकडे जाते.

आम्ही सध्या पुण्यात, वाकडला. २ बीएचके, ३१ हजार भाडं मेंटेनन्स धरून. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीहून ऐरोलीला हलतंय, जानेवारीपासून पाचही दिवस हजर राहा असा मेल आलाय. माझं ऑफिस परळला, इतके दिवस घरून काम चालत होतं, आता आठवड्यातले तीन दिवस जावंच लागणार. मुलगा नागपूरला होस्टेलवर, म्हणजे त्याचा प्रश्न सुट्टीपुरता.

आणि सासूबाई. वय ६८, नाशिकला पंचवटीत स्वतःच्या घरात राहतात, तळमजला, मागे अंगण. सासरे गेल्यापासून दीड वर्ष एकट्याच आहेत, गुडघे दुखतात, तर या वेळी आम्ही ठरवलंय की त्यांना घेऊनच यायचं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्यात, त्याचे ९ हजार येतात. मी त्यांना म्हटलं आई, मुंबईकडे एवढ्याच जागेला पस्तीस जातील, तर म्हणाल्या पस्तीस म्हणजे वर्षाचे ना.

बजेट ३५ हजार, अगदीच ओढून ताणून ३८. डिपॉझिट दीड-दोन लाखांपर्यंत. साइटवर बघून बघून डोळे गेले. घोडबंदर रोडला २८ हजारात स्विमिंग पूलवालं घर दिसतं आणि स्टेशनजवळ ३५ मध्ये पोपडे उडालेलं, हे काय गणित आहे? खारघरचे फोटो छान वाटतात पण आम्हाला त्या भागातलं ओ की ठो कळत नाही. आम्ही दोघंही घाटावरचे, लोकलमध्ये चढायचं कसं इथपासून सुरुवात आहे.

नुसतं भाडं नको, तिथे राहणं कसं असतं ते सांगा. पाणी, प्रवास, म्हातारं माणूस, सगळं. आगाऊ धन्यवाद.

चहाटळ | ९ नोव्हेंबर

ठाणे की नवी मुंबई असा प्रश्न मराठी संस्थळावर विचारलात. ताई, धाडस आहे. मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

खारघरकर_निवांत | ९ नोव्हेंबर

डोळे झाकून खारघर. मी २०११ पासून इथे, आधी चार वर्षं भाड्याने मग घेतलं. रुंद रस्ते, फुटपाथवर खरोखर चालता येतं, मागे डोंगर, पावसाळ्यात पांडवकड्याचा धबधबा दिसतो (लांबूनच बघा, जवळ जायला बंदी असते आणि ती योग्यच आहे). सेंट्रल पार्क आहे, सकाळी फिरायला जागा एवढी की कुणाचा धक्का लागत नाही. २ बीएचके सेक्टर बघून २६ ते ३५ मध्ये चांगलं मिळतं. आमच्या खालच्या मजल्यावरचा फ्लॅट दिवाळीच्या आधी ३० ला गेला. आणि मेट्रो आहे बरं का, बेलापूर ते पेंधर, १७ नोव्हेंबर २०२३ पासून चालू, त्यामुळे आतल्या सेक्टरवाल्यांची स्टेशनापर्यंतची रिक्षाची मारामारी कमी झाली.

आता वाईट पण सांगतो नाहीतर लोक म्हणतील हा एजंट आहे. एक, लोक समजतात खारघर म्हणजे नवी मुंबई महापालिका, तसं नाही. आम्ही २०१६ पासून पनवेल महापालिकेत, आणि पाणी सिडकोचं (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ). नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे म्हणून वाशी-नेरूळवाले नळ सोडून गाडी धुतात, आणि आम्ही उन्हाळ्यात टँकरला फोन लावतो. एकाच मेट्रोवर दोन टोकांना दोन तऱ्हा. दोन, रात्री वारा फिरला की तळोजा एमआयडीसीचा वास येतो. रोज नाही. पण येतो तेव्हा खिडक्या लावून बसावं लागतं.

घोडबंदरग्रस्त | १० नोव्हेंबर

उंबरठा ताई, २८ हजारात स्विमिंग पूल का मिळतो ते मी सांगतो, कारण मी त्या पुलाच्या बाजूलाच राहतो आणि गेल्या दोन वर्षांत त्यात एकदा उतरलोय.

कासारवडवली. आठ वर्षं झाली. घर म्हणाल तर अप्रतिम, चौदावा मजला, समोर येऊरचं जंगल, पावसाळ्यात ढग घरात येतात असं वाटतं, बायकोच्या माहेरचे आले की म्हणतात अगदी महाबळेश्वर. मग ते परत जायला निघतात आणि मानपाड्याच्या अलीकडे दीड तास अडकतात, की मग महाबळेश्वर विसरतात.

स्टेशन दहा-बारा किलोमीटर. रात्री अकराला वीस-पंचवीस मिनिटं, सकाळी नऊला सव्वा तास पण लागलाय. हा रस्ता म्हणजे नुसता आमचा नाही, जेएनपीटी बंदराहून गुजरातकडे जाणारे कंटेनर ह्याच रस्त्याने जातात, पुढे गायमुखला घाट आहे, घाटात एक ट्रेलर बंद पडला की त्याची शेपूट आमच्या गेटपर्यंत येते. घाटाचं डांबरीकरण दरवर्षी होतं आणि दरवर्षी परत करावं लागतं. मेट्रो ४ चे बॅरिकेड्स २०१८ पासून बघतोय, माझ्या मुलीने बॅरिकेड हा शब्द आई-बाबाच्या नंतर लगेच शिकला. सप्टेंबरमध्ये गायमुखकडच्या चार स्टेशनांवर ट्रायल रन झाली हे खरं आहे, आम्ही गच्चीवर जाऊन बघितली, टाळ्या पण वाजवल्या. पण ट्रायलमध्ये बसून ऑफिसला जाता येत नाही. आता सर्व्हिस रोड मेन रोडमध्ये घ्यायचं काम काढलंय, म्हणजे सोसायटीतून बाहेर पडलं की डायरेक्ट हायवेच.

पाणी: उन्हाळ्यात टँकर. टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये येतात, मेंटेनन्स मालक भरतो असं म्हणतात पण पुढच्या ॲग्रीमेंटला भाड्यात बरोब्बर दिसतं.

तरी मी का राहतो? ईएमआय. तुमच्यामागे ते नाही, तुम्ही सुटलात.

तलावपाळी_१८५३ | १० नोव्हेंबर

घोडबंदरला ठाणे म्हणायची पद्धत कुणी सुरू केली माहीत नाही. ठाणं म्हणजे नौपाडा, चरई, पाचपाखाडी, राममारुती रोड. १८५३ साली १६ एप्रिलला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्याला आली, कासारवडवलीला नाही.

नौपाड्यात पायी स्टेशन, पायी गडकरी रंगायतन, पायी तलावपाळी. तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठाला, संध्याकाळी तुमच्या सासूबाईंच्या वयाची निम्मी जनता कट्ट्यावर असते. सकाळी मामलेदारची मिसळ, पण पहिल्यांदा तिखट सांगू नका, मीडियमच सांगा. तोटा एकच, जागा नाही. ३५ मध्ये २ बीएचके मिळाला तर तो चाळीस वर्षांपूर्वीच्या बिल्डिंगमध्ये, लिफ्ट नाही, पार्किंगचं नाव काढायचं नाही. आणि गोखले रोडवर संध्याकाळी रस्ता ओलांडणं हा साहसी खेळ आहे.

खारघरकर_निवांत | १० नोव्हेंबर

बघा, ठाणेकरांना १८५३ आणि मिसळ याच्यापुढे सांगायला काही नाही :)

तलावपाळी_१८५३ | १० नोव्हेंबर

तुमच्याकडे ते दोन्ही नाही :)

कावेरीकाठी | १० नोव्हेंबर

मी बंगळूरहून परत आलेला, सहा वर्षं व्हाइटफिल्ड, आता घणसोलीत. बाहेरच्या शहराशी तुलना करायची तर माझं ऐका.

तिकडे मी पहिलं घर घेतलं तेव्हा दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट द्यावं लागलं होतं. दहा! हप्त्याने सोफा घ्यायची वेळ आली. घर सोडताना रंगकामाचं म्हणून एक महिन्याचं कापलं, तिकडे ते रीतीचंच धरतात. इकडे तीन-चार महिन्यांचं डिपॉझिट ऐकून मला तर स्वस्ताईच वाटली. तिकडचं घर मोठं, हवा उत्तम, पंखा पण लागायचा नाही. पण २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या आणि सोसायटीने नळाला वेळा लावल्या, तेव्हा हवा खाऊन आंघोळ होत नाही हे कळलं.

इथे घणसोलीत १ बीएचके २१ हजार. घर लहान आहे, खिडकीतून समोरच्याचा टीव्ही दिसतो, आम्ही एकच मालिका बघतो त्यांच्या आवाजावर. पण ट्रान्स-हार्बरने (ठाण्याहून नवी मुंबईत जाणारी लोकलची लाइन) ऐरोली दोन स्टेशनं. तिकडे आठ किलोमीटरला दीड तास जायचा माझा. महिन्याला मोजलं तर कितीतरी तास नुसते गाडीत. त्याचं भाडं कोण लावणार?

दोन_टोकं | ११ नोव्हेंबर

उलवे बघा की. २ बीएचके १८-२० ला, नव्या बिल्डिंगा, आणि अटल सेतूने शिवडी, शिवडीहून परळ हाकेच्या अंतरावर.

घोडबंदरग्रस्त | ११ नोव्हेंबर

@दोन_टोकं, सेतूचा टोल एकेरी अडीचशे, जाऊन-येऊन ३७५. महिन्याला तेरा दिवस धरले तर ४,८७५, पेट्रोल वेगळं. भाड्यात वाचवलेलं समुद्रात टाकून यायचं. आणि नवऱ्याचं ऐरोलीचं काय? ट्रेनने जायचं तर त्या उरणच्या लाइनवर एक गाडी चुकली की पुढचीला निवांत डबा खाऊन घ्या.

उलवे पाच वर्षांनी बघा, विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबरला झालंय, आता तिथले मालक रोज सकाळी भाड्याचा आकडा वाढवून उठतात.

चावीवाले_भाऊ | ११ नोव्हेंबर

मी एजंट आहे. आधीच सांगून टाकतो म्हणजे शिव्या द्यायच्या असतील तर देऊन घ्या. ठाण्यात १७ वर्षं हा धंदा करतोय, ताईंनी विचारलंय म्हणून आतलं सांगतो.

१) आम्ही घर रविवारी सकाळी दाखवतो. का ते घोडबंदरवाल्या भाऊंना विचारा. तुम्ही घर मंगळवारी बघा. सकाळी आठला त्या बिल्डिंगच्या गेटवरून निघा आणि ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत घड्याळ लावा. एजंट नाही म्हणाला तर एजंट बदला.

२) ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं असलं तरी महाराष्ट्रात रजिस्टर करावंच लागतं. लोकांना वाटतं अकरा महिन्यांना लागत नाही, ते दुसऱ्या राज्यात. इथे १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, कलम ५५, आणि रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची. नाही केलं आणि पुढे भांडण झालं तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरतात, मालकाने खोट्या ठरवेपर्यंत. मालक टाळाटाळ करत असेल तर हे एवढंच वाक्य त्याला ऐकवा.

३) खर्च. स्टॅम्प ड्युटी म्हणजे एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही मिळवतात. ३३ हजार भाडं, दीड लाख डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांचे साधारण हजार रुपये होतात. रजिस्ट्रेशन फी शहरात हजार. घरबसल्या अंगठा लावून होतं. आणि आमच्यातले काही जण याचेच सहा-सात हजार सांगतात. तो घरी मशीन घेऊन यायचा मेहनताना असतो, तो द्या, पण पावती बघून द्या.

४) 'हेवी डिपॉझिट' म्हणून कुणी सांगेल, दहा-बारा लाख एकदम द्या आणि भाडं नाममात्र. मालक पैसे अडकवून बसला तर तुम्ही त्याच्या दारात उभे. मी माझ्या बहिणीला करू दिलं नाही.

ब्रोकरेज एक महिना. ते मात्र लागतं, पोट आहे.

लिफ्ट_बंद_आहे | ११ नोव्हेंबर

भाऊ, प्रामाणिक आहात म्हणून विचारतो, रिन्यूअलला परत एक महिन्याचं ब्रोकरेज कशाचं? आम्ही त्याच घरात, मालक तोच, भिंतीवरची ओल तीच. आमच्या एजंटने फक्त व्हॉट्सॲपवर "सर रिन्यू करना है क्या" एवढं पाठवलं आणि २४ हजार मागितले. नाही दिले तर मालकाला सांगितलं की पार्टी बरोबर नाही.

चावीवाले_भाऊ | ११ नोव्हेंबर

चूक आहे ते. मी अर्धं घेतो. (हो, तेही जास्तच आहे, माहितीये.)

किल्ली_माझीच | ११ नोव्हेंबर

सगळे मालकांच्या नावाने खडे फोडतायत म्हणून मालकीण म्हणून दोन शब्द. वर्तकनगरला आईचा जुना फ्लॅट भाड्याने देते. आमच्या सोसायटीने भाडेकरू ठेवला म्हणून महिन्याला तीन हजार जादा लावले. मी भांडले. १ ऑगस्ट २००१ चा सरकारी आदेश आहे, बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावतात ते) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. कमिटीतले काका म्हणाले आमच्या सोसायटीचा ठराव आहे. म्हटलं काका, ठराव आदेशापेक्षा मोठा कधी झाला? आठ महिने लागले, आता १९० रुपये घेतात. हे ज्या मालकाला माहीत नसतं तो ते तीन हजार मुकाट भरतो आणि तुमच्या भाड्यात घालतो. तेव्हा भाडं जास्त वाटलं तर हा प्रश्न विचारून बघा, कधीकधी दोघांचाही फायदा होतो.

गावातला | १२ नोव्हेंबर

दोन दिवस वाचतोय. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीला स्वस्त पाहिजे तर गावठाणात मिळेल, १ बीएचके १२-१४ ला पण. इथे कुणी नाव घेतलं नाही, कारण गावठाण म्हटलं की लोक नाक मुरडतात, अनधिकृत, गल्ली अरुंद, गाडी जात नाही. खरं आहे, गल्ली अरुंद आहे. गाव आहे ते, तुमच्या सेक्टरच्या आधीपासूनचं.

सिडको १९७० साली आली. ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांची जमीन घेतली, आमच्या आज्याची भातशेती आणि खाजण (खाडीकाठची खारी जमीन) दोन्ही गेलं. १९८४ ला जासईला आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, दि. बा. पाटील पुढे होते, त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं. ते प्लॉट हातात पडायला आणखी किती वर्षं गेली ते आमच्या घरी विचारा. तुम्ही साइटवर 'साडेबारा टक्के प्लॉट' असं वाचता ना बिल्डिंगच्या जाहिरातीत, ते हे.

तोवर पोरं मोठी झाली, लग्नं झाली, राहायचं कुठे? घरावर घर चढवलं. त्यातल्या वरच्या खोल्या भाड्याने देऊनच आमची शिक्षणं झाली. माझ्या आईने भाडेकरूच्या बाळंतपणात डबे केलेत. ॲग्रीमेंट मात्र करून घ्या, गावात बरेचदा तोंडी चालतं, आणि बँकेला, गॅसला पत्त्याचा पुरावा लागला की अडतं. आणि बांधकामाचे कागद विचारायला लाजू नका.

ताईंच्या सासूबाईंना जिना झेपणार नाही म्हणून आमच्याकडे या म्हणत नाही. पण माहिती असावी.

चहाटळ | १२ नोव्हेंबर

पॉपकॉर्न बाजूला ठेवले. +१ गावातला.

सीवूड्सची_मावशी | १२ नोव्हेंबर

मुलाच्या लॉगिनमधून नाही, स्वतःच्या नावाने लिहितेय, वय ७१. सगळे ऑफिसचं बोलतायत. ऑफिसला जाणारे दोघं सकाळी जातात आणि रात्री येतात. त्या घरात दिवसभर राहणार आहेत त्या सासूबाई. भाडं खऱ्या अर्थाने वसूल कोण करणार मग?

मी साताऱ्याहून आले तेव्हा मुलाने हौसेने बाविसाव्या मजल्यावर घर घेतलं होतं भाड्याने, ४८ हजार. खाडीचा देखावा, थंडीपासून ते उन्हाळा संपेपर्यंत रोहित पक्षी, गुलाबी चादर पसरल्यासारखे. पहिला महिना मी सगळ्यांना व्हिडिओ पाठवले. दुसऱ्या महिन्यात कळलं की बाविसाव्या मजल्यावर कावळासुद्धा येत नाही. पितृपक्षात ह्यांचा घास ठेवायला लिफ्टने खाली जाऊन पार्किंगच्या मागे उभी राहिले, वॉचमन म्हणाला मॅडम यहाँ खाना मत डालो. शेजारची दारं बंद. आठ महिन्यांत समोरच्या घरातली बाई मला तीनदा दिसली, तिन्ही वेळा कानात ते पांढरं घातलेलं.

मग मीच हट्ट करून नेरूळला सिडकोच्या जुन्या वसाहतीत आणलं मुलाला. दुसरा मजला, घर लहान. खाली भाजीवाली बसते, ती मला नावाने ओळखते. बाकावर आम्ही सहा जणी. पाणी चोवीस तास. मुलगा कुरकुरतो, त्याचं जिम गेलं.

उंबरठा, घर बघायला जाल तेव्हा त्यांना घेऊन जा. आणि खाली उतरून एकटीने दूध आणायला पाठवून बघा.

उंबरठा | १२ नोव्हेंबर

मावशी, तुमची पोस्ट आईंना फोनवर वाचून दाखवली. कावळ्यापाशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, तिथे जिना किती पायऱ्यांचा ते विचार. आणि तुळस कुठे ठेवायची, दर अकरा महिन्यांनी कुंडी हलवायची का.

बाकी सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवलीये. मला वाटत होतं वीस जण वीस भाडी सांगतील आणि मी एक्सेल करेन. एक्सेलमध्ये कावळ्याचा कॉलम कुठे टाकू.

मीठबंदर | १३ नोव्हेंबर

कुणीच ठाणे पूर्वेचं नाव घेत नाहीये म्हणून लिहितो. तलावपाळीवाले तर आम्हाला ठाण्यात धरतच नाहीत.

कोपरी. तुमच्या केसमध्ये नकाशा उघडून बघा: तुम्हाला सेंट्रलची फास्ट लोकल पाहिजे, नवऱ्याला ट्रान्स-हार्बर. दोन्ही ज्या एका स्टेशनात मिळतात ते ठाणे, आणि ट्रान्स-हार्बरचे प्लॅटफॉर्म पूर्वेच्याच बाजूला. खारघर छानच आहे पण हार्बरला फास्ट लोकल हा प्रकार नसतो, कुर्ल्याला उतरून बदलायचं, तेही भरलेल्या गाडीत.

दोष ऐकून घ्या. ओहोटीला खाडीचा वास येतो. डास. स्टेशनबाहेर पुलाचं काम कित्येक वर्षं चालू आहे, रिक्षा कुठे मिळेल ते रोज बदलतं. बिल्डिंगा जुन्या, चार-पाच मजली, काहींनाच लिफ्ट. पार्किंग विसरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घर घेताना रीडेव्हलपमेंट कुठवर आलंय ते सेक्रेटरीलाच विचारा, मालक सांगणार नाही. माझ्या मित्राने हौसेने पडदे शिवले आणि पाचव्या महिन्यात बिल्डिंग रिकामी करायची नोटीस लागली. लॉक-इन (ठरावीक महिने ॲग्रीमेंट मोडायचं नाही ही अट) असेल तर तो मालकालाही लागू आहे असं लिहून घ्या.

तलावपाळी_१८५३ | १३ नोव्हेंबर

पूर्वेला धरतो हो. चेंदणी कोळीवाडा तर रुळांच्या दोन्हीकडे आहे, आपलं भांडण रेल्वेने लावलंय.

उंबरठा | १४ डिसेंबर

अपडेट देते, उशीर झाला.

भाऊंनी सांगितल्याप्रमाणे मंगळवारी केलं. दोघांनी रजा टाकून तीन मंगळवार, जमलं तिथे आदल्या रात्री ओळखीच्यांकडे मुक्काम. नवरा ऐरोलीला, मी परळला, गेटपासून खुर्चीपर्यंत.

खारघर: मला एक तास चाळीस, नवऱ्याला पन्नास मिनिटं. घोडबंदर (मैत्रिणीचं घर, खरंच ढग येतील असं): मला एक तास पंचावन्न, आणि मी कापूरबावडीला रिक्षातून उतरून चालायला लागले होते तरी. कोपरीला राहायला कुणी नव्हतं म्हणून एका बिल्डिंगच्या गेटवरून निघालो, वॉचमनला वाटलं आम्ही चोर आहोत. मला एक तास पाच, दादरला बदलून. त्याला अर्धा तास. पहिली फास्ट मी सोडली, दुसरीत बायकांनी मला आत ढकललं, खरंच ढकललं, आणि एकीने विचारलं नवीन का, मग दादरला हाताला धरून उतरवलं.

मग आईंना नाशिकहून आणलं. पाच घरं दाखवली. पूलवाल्या टॉवरच्या लॉबीत त्या चप्पल काढून उभ्या राहिल्या, गुळगुळीत फरशी बघून देऊळच वाटलं असेल. वर गेल्यावर खिडकीतून खाली बघितलं आणि म्हणाल्या छान आहे, तुम्ही राहा.

शेवटी कोपरीतच घेतोय. पहिला मजला, लिफ्ट आहे पण कधी बंद पडली तर सोळा पायऱ्या, त्यांनी स्वतः मोजल्या, मध्ये टेकायला कठडा आहे. ३४ हजार, डिपॉझिट दीड लाख. किचन वाकडच्या निम्मं. आमचं डबल डोअर फ्रिज जाणार नाही, ते दीराकडे. बाल्कनी एक, कपडे वाळवायचं आणि तुळस दोन्ही तिथेच. रीडेव्हलपमेंटचं सेक्रेटरींना विचारलं, म्हणाले दोन गट आहेत, पाच वर्षं तरी एकमत होत नाही. लॉक-इन दोघांना लागू हे लिहून घेतलं, एजंटने तोंड वाकडं केलं. ॲग्रीमेंटचे त्याने साडेसहा हजार सांगितले होते, मी स्टॅम्प ड्युटीचा हिशोब कागदावर मांडला तर साडेतीनवर आला. भाऊ, तुम्हाला पेढे.

वाकडच्या मालकाने भिंतीला खिळे मारले म्हणून डिपॉझिटमधले १८ हजार कापले. चार खिळे होते. त्यावर वेगळा धागा काढेन.

चावीवाले_भाऊ | १४ डिसेंबर

पेढे तलावपाळीच्या बाजूचे आणा. पोलिस पडताळणी मालकाकडून करून घ्या, ऑनलाइन होते, विसरतात लोक. आणि घरात शिरायच्या दिवशी भिंतींचे, नळांचे, खिळ्यांच्या भोकांचे सगळे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.

खारघरकर_निवांत | १४ डिसेंबर

आमचा उमेदवार पडला, पण निकाल मान्य. रविवारी आईंना सेंट्रल पार्कला घेऊन या.

सीवूड्सची_मावशी | १५ डिसेंबर

दूध?

उंबरठा | १८ जानेवारी २०२६

मावशी, पहिल्या दिवशी आम्ही खोकी उघडत होतो तेव्हा न सांगता गेल्या. पाऊण तास पत्ता नाही, फोन घरातच. मी जिन्यात, नवरा स्टेशनापर्यंत जाऊन आला. आल्या त्या दुधाशिवायच, हातात मेथीची जुडी, आणि बरोबर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांचं माहेर निफाडचं निघालं. संक्रांतीला तिळगूळ घेऊन चार दारं फिरून आल्या. वासाबद्दल मात्र रोज तक्रार आहे. भरती-ओहोटीची वेळ आता त्यांना आमच्याआधी कळते. कावळे भरपूर आहेत, तुळशीची माती उकरतात.

घोडबंदरग्रस्त | १८ जानेवारी

अभिनंदन ताई. गायमुखला उभा आहे, पुढे ट्रेलर आडवा झालाय. तुमचं अपडेट तीनदा वाचून झालं, आता पहिल्या पानापासून धागा वाचायला घेतो.